दिगूभाऊंचा बोलका कॉम्प्युटर

आमच्या कंपनीला आता फोन लावलात तर एक बाई बोलते. गोड बोलते, मधाळ बोलते, आणि काही म्हणजे काही ऐकून घेत नाही. विक्रीसाठी एक दाबा, खरेदीसाठी दोन दाबा. परवा अंगात ताप होता, रजा कळवायला घरून फोन केला, तर ही बया मलाच विचारते, आपण कोणत्या भाषेत बोलू इच्छिता? अगं मेले, मी रोह्याची, कंपनी रोह्याची, भाषा कसली विचारतेस? फोन आपटला आणि तशीच कामावर गेले. रागाने ताप उतरला म्हणा.

त्या बाईच्या जागी आमचे दिगूभाऊ होते. दिगंबर म्हात्रे, टेलिफोन ऑपरेटर. पेणजवळच्या जोह्याचे. रोज एसटीने पेणला यायचं, पेणहून गाडीने रोह्याला, तिथून सहाआसनी रिक्षाने आमच्या औद्योगिक वसाहतीत. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं तर लोक हळहळतात, आणि दिगूभाऊंना हळहळणारी माणसं अजिबात चालत नसत.

मी डिस्पॅचला लागले त्या दिवशी त्यांच्या टेबलापुढून जात होते. मान वर न करता म्हणाले, "नवी बाय ना? डिस्पॅच आत, डाव्या हाताला." मी थक्क! दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले, काय बाई, त्यांना नुसत्या वासावरून कळतं! संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या कानावर गेलं. मला बोलावून घेतलं.

"वासावरून नाय गो. वॉचमनचा गेटवरून फोन आलेला, नवी बाय येते म्हणून. आणि तू दारात उभी राहून अशी खोकलीस, मेलेला उठंल."

मी ओशाळले. पण त्या दिवसापासून आमची गट्टी जमली ती जमलीच.

त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा तो "ओळखा पाहू मी कोण" या खेळाचा. हा खेळ मोठमोठी माणसं खेळतात, तुम्हांला खोटं वाटेल. मागून यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, आवाज बदलायचा. दिगूभाऊंचं उत्तर ठरलेलं. घाबऱ्या आवाजात म्हणायचे, "आरं, तू तर मागल्या शिमग्यात वारलास ना?" हात लगेच खांद्यावरून निघायचा. एकदा आमचे स्टोअरकीपर कदम खरंच दचकून दोन पावलं मागे सरकले आणि घमेल्यात पडले. दिगूभाऊ शांतपणे फोनवर, "हां बोला, कोण पाहिजे?"

फोनवरचा त्यांचा आवाज वेगळाच असायचा. समोरचा माणूस तापलेला असो, घाईतला असो, हे घाई करायचे नाहीत. बाहेरगावच्या टँकरवाल्यांना रस्ता सांगायचं काम त्यांचंच. आता ज्याने रस्ता कधी पाहिला नाही तो रस्ता कसा सांगणार? तर हा माणूस रोज रिक्षाच्या मागच्या बाकावर बसून यायचा, आणि अख्खा रस्ता त्याने बुडाखाली पाठ केला होता. ड्रायव्हरला सांगायचे, "पुल उतरा? अभी दो छोटा धक्का खायेगा, फिर एक लंबा धक्का. उसके बाद बाजू में लेने का." ड्रायव्हर बरोबर गेटवर हजर!

पण एकदा गंमत झाली. कुणाच्या तरी लग्नाची वरात अडखळू नये म्हणून गावकऱ्यांनी एक स्पीडब्रेकर उखडून टाकला. दिगूभाऊ कामावर पोचल्यानंतरची ही गोष्ट, त्यांना याची खबर नाही. ॲसिडचा टँकर धक्के मोजत मोजत पुढे गेला आणि थेट हळदीच्या मांडवासमोर उभा राहिला. ड्रायव्हरचा फोन आला, "साब, इधर तो बँड बज रहा है." दिगूभाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "खाना खाके आ." तो खरंच जेवून आला, वर शर्टावर हळद लावून घेऊन आला. आम्ही पोट धरून हसलो. दिगूभाऊ हसले नाहीत. डबा खाताना मला हळूच विचारलं, "कुठला धक्का काढला गो त्यांनी?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षावाल्याला तो पट्टा पुन्हा मागे फिरून हळू चालवायला लावला. बाकीच्या पॅसेंजरांनी किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे.

त्यांच्या घरी गणपतीचा कारखाना. जोह्यात कुणाच्या घरी नाही! लहानपणी भावंडं रंग द्यायची, मोठी माणसं डोळे रेखायची. यांच्या वाट्याला साच्यात माती थापायचं काम. शाडूची पोळी लाटायची, साच्यात बसवायची, अंगठ्याने कोपऱ्या-कोपऱ्यात दाबायची. एकदा मी सहज म्हटलं, "भाऊ, मग तुम्हांला मूर्ती कशी दिसते ते कळतं की." तर म्हणाले, "तुम्ही गणपती बाहेरून बघता. मी आतून. माझ्यासाठी सोंड म्हणजे नाली आणि पोट म्हणजे वाडगा." मग स्वतःच हसले. त्यांच्या पत्नी, शेवंतावहिनी, अजूनही त्याच कारखान्यात डोळे रेखतात. त्यांचा हात इतका स्थिर की बाहेरच्या कारखान्यांतूनही बोलावणं येतं. दिगूभाऊ ऐटीत सांगायचे, "आमच्या घरातले डोळे सगळे तिच्याकडं."

एक गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांची आई आजारी होती, पनवेलला इस्पितळात ठेवलेली. घरी सोडताना डॉक्टरांनी कागद दिला, तो थोरल्या भावाने वाचून दाखवला. अशक्तपणा आहे, विश्रांती हवी, गोळ्या चालू ठेवा. दिगूभाऊ निश्चिंत मनाने कामावर येत राहिले. आणि आई गेली. कागदात खरं काय लिहिलं होतं ते त्यांना वर्षश्राद्धाला कळलं, तेही दोन भाऊ आपसांत बोलत होते म्हणून.

"दादानं गाळलं," ते म्हणाले. "वाईट हेतूनं नाय, माझ्या भल्यासाठीच. पण मला ठावं असतं तर मी रजा टाकून आईपाशी बसलो असतो ना गो. वाचून दाखवणारा माणूस मायेचा असला का हटकून गाळतो."

मी त्यांच्या डब्यात माझ्यातली सुक्या बोंबलाची चटणी वाढली.

म्हणून त्यांचा तो बोलका कॉम्प्युटर. लोकांना वाटायचं कंपनीने दया दाखवली. कसली दया! दिगूभाऊ स्वतः रजा टाकून एका संस्थेत शिकून आले, मागच्या साहेबांच्या मागे लागले, आणि ते बोलणारं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. पडद्यावर जे येईल ते कॉम्प्युटर मोठ्याने वाचणार. आवाज परदेशी माणसाचा, नाकातला. दिगूभाऊ त्याला पाव्हणा म्हणायचे. सुरुवातीला पाव्हणा आमच्या नावांची अशी काही वाट लावायचा की माझं नाव ऐकून मी स्वतः ओ दिली नाही. पण यांनी चिकाटी सोडली नाही. फुरसत मिळाली की बसायचे त्याला शिकवत. एकेक नाव, एकेक गाव, पुन्हा पुन्हा वेगवेगळं टाइप करून बघायचे आणि जमलं की मला हाक मारायचे, "सुनंदे, ये, पाव्हणा तुला काय म्हणतो ऐक." पाव्हणा म्हणायचा, "सुनंदा." नाकातून का होईना, पण म्हणायचा. शेवटी तो अख्खा स्टाफ, सगळे टँकरवाले आणि रोहा तालुक्यातली निम्मी गावं बिनचूक म्हणायला लागला होता.

आणि वेग! दिगूभाऊ त्याला इतका भरधाव लावायचे की आम्हांला नुसती मधमाश्यांची गुणगुण ऐकू यायची. त्यातून हे आलेला प्रत्येक निरोप, प्रत्येक पत्र, कॉम्प्युटरवर येणारा कँटीनचा मेनूसुद्धा स्वतः वाचायचे. स्वल्पविराम, कंस, रेघ, पाव्हणा सगळं वाचायचा. मी म्हटलं, "भाऊ, वैताग नाही येत?" तर म्हणाले, "वाचू दे. हा काय गाळत नाय."

मॉनिटरचं बटण मात्र त्यांनी कधी दाबल्याचं मला आठवत नाही. लाईट कशाला जाळायचा? त्या मॉनिटरवर त्यांची डब्याची पिशवी लटकायची, पावसाळ्यात छत्री. नवीन माणूस आला की त्याला दिसायचं ते असं: काळ्या पडद्यापुढे बसलेला एक माणूस खाडखाड टाइप करतोय आणि स्वतःशीच मान डोलावतोय. एकदोन जण तर भूत बघितल्यासारखे निघून गेले.

मग पुण्याहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण मला माणसांना वाईट म्हणायची फार घाई असते. त्यांनी दिगूभाऊंना समोर बसवून सरळ सांगितलं. हेडऑफिसला ऑपरेटरचं बोर्ड काढून टाकायचं आहे, फोन आपोआप फिरणार. पण टँकर, ड्रायव्हर, तक्रारी यांची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायला माणूस लागेल. ते काम तुम्हांला जमतं हे एकदा माझ्यासमोर करून दाखवा, मी तसं वर लिहितो. नाही जमलं तरी पगार चालू राहील, गेटवर बसा निवांत.

"गेटवर बसून काय करू साहेब?" दिगूभाऊंनी विचारलं.

"काही नाही. बसा."

ते "बसा" त्यांना फार लागलं. त्या दिवशी डबा तसाच परत नेला. दुसऱ्या दिवसापासून जो सराव सुरू केला, बाप रे! नव्या नोंदवहीचे सगळे रकाने त्यांनी पाव्हण्याकडून घोटून घेतले. मी मुद्दाम खोटा फोन करून, आवाज बदलून, चुकीचे टँकर नंबर सांगायचे. ते नोंद करायचे आणि वर म्हणायचे, "सुनंदे, पुढच्या वेळी खोकू नको." दाखवायचा दिवस ठरला दसऱ्यानंतरचा पहिला कामाचा दिवस.

आमच्याकडे खंडेनवमी जोरात. यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायची, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे हार. बॉयलरपासून ऑफिसच्या पंचिंग मशीनपर्यंत कुणी सुटत नाही. दिगूभाऊ त्या दिवशी रजेवर, कारण घरी घट बसलेले. आणि आमच्यात एक नितेश होता, इन्स्ट्रुमेंट खात्यातला, कोलाडचा. हुशार पोरगा, लग्न झालेला, एका लेकीचा बाप, आणि दिगूभाऊंवर जीव टाकणारा. त्याच्या मनात आलं, भाऊंचा कॉम्प्युटर जुना झालाय, रखडतो. परीक्षेच्या दिवशी अडकला तर? आपण सगळी यंत्रं स्वच्छ करतोय, मग भाऊंचंही यंत्र आतून-बाहेरून नवं कोरं करून ठेवूया. दसऱ्याची भेट!

त्याने फाइली नीट काढून ठेवल्या, एकही हरवली नाही. मग अख्खी सिस्टीम पुसून रिस्टोर केली, दुकानातून आली तेव्हा होती तशी. हे करताना त्याने स्वतःचा चांगला मॉनिटर लावला होता. काम झालं, तो काढून नेला. कॉम्प्युटरचा डबा आडवा ठेवून आम्ही सगळ्यांनी त्याची पूजा केली, मूठमूठ अक्षता टाकल्या. मग तो उभा करून भाऊंचा मॉनिटर जोडला, वर झेंडूचा हार. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पाव्हणा त्या सिस्टीमबरोबरच पुसला गेलाय, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. नितेशला वाटलं, कॉम्प्युटर बोलतो म्हणजे तो आतूनच बोलत असणार.

दसऱ्यानंतर दिगूभाऊ आले ते नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून. मला आपट्याची पानं दिली. खुर्चीत बसले, बटण दाबलं, कानाला हेडफोन लावला आणि थांबले. थांबलेच. पुन्हा बटण. पुन्हा थांबले. हात मॉनिटरवर गेला, तिथे हार लागला. हाराची फुलं चाचपत त्यांनी विचारलं, "कुणी काय केलं यात?"

नितेश धावत आला. "भाऊ, नवा केला! एकदम फास्ट झालाय." त्याने मॉनिटरचं बटण दाबलं, इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. हिरवा दिवा लागला. पडदा काळा. कीबोर्ड बडवला. काळा. माऊस आपटला. काळा.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! नितेशने वायर काढली, फुंकली, परत घातली. डबा उघडला, आतल्या पट्ट्या काढून माझ्याकडच्या खोडरबरने घासल्या, गोल सेल काढून पुन्हा बसवला. काळा. कदम म्हणाले, "मागून एक थोबाडीत दे, आमच्या टीव्हीला लागू पडतं." दिली. काळा. अकाउंटची वर्षा म्हणाली, दृष्ट काढा. कुणी मीठ-मिरची आणायला कँटीनमध्ये गेलंसुद्धा. नितेशने त्याचा चांगला मॉनिटर आणायचा म्हटलं, तर इन्स्ट्रुमेंटच्या खोलीची किल्ली नेमकी रजेवरच्या माणसाकडे. दुसऱ्या कुणाचा मॉनिटर काढायचा तर प्रत्येकाचं काही ना काही चालू. साहेब अकराला येणार होते, ते मीटिंगमध्ये अडकले, हीच काय ती देवाची कृपा.

दिगूभाऊ खुर्ची जरा मागे घेऊन बसले होते. हात मांडीवर. आम्ही दहा तोंडांनी बोलत होतो आणि ते एकदा या आवाजाकडे, एकदा त्या आवाजाकडे मान वळवत होते. मध्येच म्हणाले, "आज सगळेच आंधळे झालात काय?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "नितेश, आवाज बघ की रे आधी."

"बघतो भाऊ. आधी पडदा येऊ दे. दिसल्याशिवाय काय करणार?"

बरोबरच होतं त्याचं. दिसल्याशिवाय तो काही करू शकत नव्हता. मीसुद्धा काही करू शकत नव्हते. मला त्या काळ्या पडद्याचा असा संताप आला होता की मी त्याच्यावरचा हार ओरबाडून काढला.

शेवटी झाडूवाल्या अनसूयाबाई खाली वाकल्या. त्या टेबलाखालचा झेंडूचा कचरा काढत होत्या. "हितं काय अडकलंय बघा," म्हणाल्या. नितेशने टॉर्च मारला. ज्या भोकात मॉनिटरची वायर जाते, त्यात अक्षतेचा दाणा! पूजेत डबा आडवा होता, वायरींची बाजू वर, तेव्हा कुणाच्या तरी मुठीतला पिवळा तांदूळ आत जाऊन बसला, आणि त्याच्यावर वायर दाबल्यामुळे तिची एक टाचणीएवढी पिन वाकली होती. मी केसांची पिन काढून दिली. नितेशने दाणा टोकरून काढला, वाकलेली पिन हळूहळू सरळ केली, वायर खोचली.

आणि पडदा उजळला! निळाशार. वर डोंगर, ढग, हिरवं कुरण.

"आलं! आलं!" अख्खं ऑफिस ओरडलं. कदमांनी नितेशला उचललं. वर्षाने साखर वाटली. मी टाळ्या पिटत होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

"आलं काय?" दिगूभाऊंनी विचारलं.

"आलं भाऊ! किती छान दिसतंय!"

त्यांनी हेडफोन कानाला लावला. आम्ही सगळे त्या निळ्या उजेडात त्यांच्याभोवती उभे. त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, एक कळ दाबली, वाट पाहिली. दुसरी दाबली. तेव्हा कुठे आमची तोंडं एकेक करून बंद झाली.

नितेश गुडघ्यावर बसला. खटाखट काहीतरी उघडलं, बंद केलं. सिस्टीम नवी, पण आवाजाचं जे जोडायचं असतं ते तिच्यात नव्हतं. पाव्हणा नव्हताच. दोन्ही इंटरनेटवरून घ्यायला हवं, आणि आमच्या कॉम्प्युटरना इंटरनेट हेडऑफिसच्या परवानगीशिवाय उघडत नाही. त्याने पुण्याला हेडऑफिसला फोन लावला. तिथला माणूस दसऱ्याची रजा जोडून गावी गेलेला.

साहेब त्याच वेळी आत आले. पडद्याकडे बघून खूश झाले. "वा! चालू झालं ना? मग करा सुरू."

दिगूभाऊ उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला.

"यांचं झालं, साहेब," ते म्हणाले. "माझं नाय झालं."

साहेबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते बिचारे खजील झाले. आठवडाभर थांबतो म्हणाले. मी लगेच पुढे झाले, "साहेब, मी बसते ना भाऊंशेजारी, मी वाचून दाखवते, ते टाइप करतील." माझं तोंड हे असं.

दिगूभाऊ बसले माझ्याशेजारी, त्या दिवशी आणि नंतरही काही दिवस. मी पडदा वाचायचे, ते टाइप करायचे. काम व्हायचं, नाही असं नाही. पण ते गप्प गप्प असायचे. एका दुपारी हेडऑफिसचं लांबलचक पत्र आलं. मी वाचत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"सुनंदे, तू वाचतेस ते मला ऐकू येतं गो. जे वाचत नायस ते कसं कळायचं?"

"देवाशप्पथ भाऊ, सगळं वाचलं."

"वाचलं असशील. पण मला आता प्रत्येक येळेला विचारत बसावं लागंल ना." आणि उठून पाणी प्यायला गेले. मी त्या पत्राकडे बघत बसले. मी खरंच सगळं वाचलं होतं. पण ते सिद्ध कसं करायचं?

परवानगी आली, पण तोवर हेडऑफिसने फोन त्या गोडबोल्या बाईच्या हाती दिले होते आणि टँकरची नोंद ड्रायव्हरच मोबाईलवरून करायला लागले होते. आवाज आला, पाव्हणाही आला, पण नवा. मला पुन्हा काहीतरी भलतंच म्हणाला. दिगूभाऊंनी दोनतीनदा त्याला शिकवायला घेतलं आणि सोडून दिलं. करायला कामच उरलं नव्हतं, तर नावं कुणासाठी शिकवायची?

नितेश त्यांच्यासमोर रडला. तेव्हा त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "तू चांगलंच करायला गेलास रे. चांगलं करायला जाणारा माणूस विचारत नाय, एवढंच." मग खिशातला रुमाल काढून त्याला दिला, आणि म्हणाले, वापरलेला हाय, पण पूस.

गेटवर ते काही बसले नाहीत. वर्ष संपायच्या आत स्वतःहून निवृत्ती घेतली. खूप समजावलं सगळ्यांनी. "बसून काय करू?" एवढंच म्हणायचे.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला सगळ्या स्टाफचा एकत्र फोटो, मोठ्या फ्रेममध्ये, द्यायची पद्धत आहे. या खेपेला सगळे अडखळले. भाऊंना फोटो कसा द्यायचा? कुणी म्हणालं, रेडिओ देऊ. कुणी म्हणालं, चांदीची मूर्ती. ही कुजबुज त्यांच्या कानावर गेलीच. तरातरा आले. "सगळ्यांना फोटो देता ना? मग मला का नाय?" झालं, फोटोग्राफर बोलावला. गेटपाशी आम्ही सगळे उभे राहिलो, दिगूभाऊ मध्ये.

शेवटच्या दिवशी त्यांना गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनवर गेले. गाडी रोह्याहूनच सुटते, डबा रिकामा होता. ते खिडकीपाशी बसले. फ्रेम त्यांनी गुंडाळू दिली नव्हती, तशीच काखेत धरून आणली होती. मी प्लॅटफॉर्मवर, खिडकीच्या गजांना धरून उभी.

"सांग गो, कोण कुठं हाय," म्हणाले, आणि फ्रेम माझ्या बाजूला फिरवली.

मी सांगायला लागले. डावीकडे कदम, पोट आत घेतलंय. मग वर्षा. मग साहेब, मान तिरकी. नितेश मागे, त्याचं अर्धंच तोंड आलंय, दुसरं अर्धं बॉयलरच्या माणसाच्या टोपीमागे. अनसूयाबाई कडेला, झाडू तसाच हातात.

"आणि मी?"

"तुम्ही मध्ये. नवा शर्ट. हसताय."

"खरं?"

"खरं. दात दिसतायत."

"आणि तू?"

"मी तुमच्या शेजारी, उजव्या हाताला." मग मी जरा थांबले. पण सांगितलं. "माझे डोळे मिटलेत भाऊ. त्या मेल्याने नेमका तेव्हाच काढला. सगळ्यांत मी एकटीच अशी आलेय, ध्यान."

दिगूभाऊ मोठ्याने हसले, कित्येक महिन्यांनी. "एकटी कशी गो? मी हाय ना शेजारी."

गाडीने शिट्टी दिली. मी गजांवरचा हात काढला. गाडी हलली. त्यांनी हात वर केला, मी आधी उभी होते तिकडे, आणि मी तोवर गाडीबरोबर दोन पावलं पुढे आले होते. फ्रेम मांडीवर उभी होती, पाठ त्यांच्या छातीशी, तोंड बाहेर. डबा पुढे गेला तसे फोटोतले आम्ही सगळे काचेमागून प्लॅटफॉर्मकडे बघून हसत गेलो, पेणच्या दिशेने.